खिंडीतली शकू

खिंडीच्या तोंडाशी स्वरूपने हात वर केला, तशा पुढच्या सायकली एकामागोमाग थांबल्या. विमलाबाई सगळ्यांच्या मागे होत्या. त्यांनी ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकला आणि मान वर केली, तेव्हा कुठे त्यांना तो बेहडा दिसला.

झाड पूर्वीपेक्षा पोसलं होतं. बुंध्याला पुरुषभर उंचीपर्यंत गंजलेले खिळे ठोकलेले होते. खालच्या फांदीला हिरव्या खणाच्या चिंध्या लोंबत होत्या, मुळांपाशी नारळाची भकलं आणि फुटक्या बांगड्या पडल्या होत्या. यातलं काहीही विमलाबाईंनी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते नुसतं झाड, सावलीचं आणि स्वच्छ.

"या झाडाला म्हणतात अळवंतिणीचा बेहडा," स्वरूप म्हणाला.

स्वरूप रत्नागिरीचा. बॅटरीवर चालणाऱ्या सायकली घेऊन त्याने हा धंदा नव्याने सुरू केला होता. गाडीरस्ते नव्हते तेव्हा लोक ज्या वाटेने मार्लेश्वराच्या यात्रेला चालत जात, त्या वाटेने तो माणसांना सायकलवरून न्यायचा. पहिला मुक्काम कसब्याला कर्णेश्वरापाशी, दुसरा देवरुखला आणि आज शेवटच्या दिवशी मार्लेश्वर. संक्रांतीची यात्रा होऊन गेली होती, वाटा मोकळ्या होत्या. ग्रुपमध्ये बहुतेक सगळ्या रत्नागिरीतल्या बायका, कुणी बँकेतून निवृत्त झालेल्या, कुणी शिक्षिका. विमलाबाईंचं नाव त्यांच्या सुनेने, मृणालीने, परस्पर घातलं होतं. घरात बसून बसून आई गप्प होत चालल्यात, असं तिला वाटत होतं.

वाटेत सावरकोंडला जेवण आहे हे वाचून विमलाबाईंनी आधी नाही म्हटलं होतं. मग दोन दिवसांनी आपणहून, जाऊ या म्हणाल्या. सावरकोंडला आता डांबरी रस्ता झाला आहे, खिंडीतून कोण जातंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

स्वरूप गोष्ट रंगवून सांगायचा. बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होते. या खिंडीतल्या बाईने तर आपल्या पोराचं तोंडही पाहिलं नव्हतं. पोराला एकदाही न शिवता जीव गेला, तो जीव इथेच अडकला. तिन्हीसांजेला पोराचं रडणं ऐकू येतं, ते ऐकून ती झाडावरून उतरते. अंगावर पिणारं मूल असलेली बाई ही वाट कधी धरत नाही. गावकऱ्यांनी मांत्रिक आणून तिला खिळ्यांनी झाडाला बांधली, तरी दर अवसेला नारळ द्यावा लागतो. बायकांनी अंग शहारल्यासारखं केलं, मग हसल्या. एकदोघींनी फोन काढून झाडापाशी उभ्या राहून फोटो घेतले. कधीची गोष्ट ही, असं कुणीतरी विचारलं.

"असेल शंभर वर्षांपूर्वीची," स्वरूप म्हणाला. "जास्तच."

विमलाबाईंनी हँडल घट्ट धरलं. शंभर वर्षं नव्हती झाली. त्यांचा विनीत तेव्हा पाळण्यात होता, आणि विनीतला अजून चाळिशीही लागली नव्हती. आणि ती बाई अळवंतीण नव्हती. तिचं नाव शकू होतं.

मृणाली सायकल वळवून मागे आली. "आई, पाणी घेता? चेहरा उतरलाय तुमचा."

ऊन लागलं असेल, असं म्हणून विमलाबाईंनी पाणी घेतलं आणि त्या निघाल्या.

विमलाबाई मूळच्या हर्णैच्या. बापाचा मचवा होता. नर्सिंग करून सरकारी नोकरीत लागल्या तेव्हा पहिली मोठी नेमणूक मिळाली ती या डोंगरात, सावरकोंडच्या उपकेंद्रात. समुद्राशिवाय झोप येत नाही अशी बाई, पण राहिली. वाडीवाडीने फिरायची, गोळ्या द्यायची, बाळंतपणं करायची. शकूला पहिलटकरीण म्हणून त्याच तपासत होत्या. केरू भुवडाची बायको, अंगाने चिमणी, बोलण्यात फटकळ. वजनकाट्यावर उभी राहिली की म्हणायची, बाय, माजा वजन आणि पोराचा वजन येगळा येगळा सांगा.

लावणी उरकली होती, वहाळ भरून वाहत होते. शकूला पहाटे घरीच मोकळी केली सुईणीने. वार पडली नाही आणि रक्त थांबेना, तेव्हा विमलाबाईंना बोलावणं आलं. त्यांनी होतं ते इंजेक्शन दिलं, हाताने करायचं ते केलं. देवरुखला नेल्याशिवाय इलाज नव्हता आणि जीप वाडीपर्यंत येत नव्हती. बांबूला घोंगडी बांधून डोली केली. चौघांनी खांदा दिला. केरू पुढे पळाला, खिंडीपलीकडच्या रस्त्यावर गाडी थांबवून ठेवायला. विमलाबाई पदराखाली पोर घेऊन डोलीच्या बाजूने चालल्या. चढणीवर चौघांचे श्वास एका तालात पडायला लागले. हुं, हुं, हुं. खिंडीत बेहड्याखाली त्यांनी डोली खाली ठेवायला लावली. तिथून डोली पुन्हा उचलली ती माघारी फिरवायला.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, आपल्याच हर्णैला. तिथे त्यांनी पोटभर नोकरी केली, शेकड्यांनी बाळंतपणं केली. मूल झालं की दाराबाहेरच्या बायका पहिला प्रश्न एकच विचारायच्या, कुणावर गेलंय? बाकीच्या नर्सा हसून काहीतरी सांगायच्या. विमलाबाईंनी त्या प्रश्नाला कधी उत्तर दिलं नाही. तो प्रश्न आला की आपल्या मागे कुणीतरी उभं आहे असं त्यांना वाटायचं. वळून पाहिलं तर दार असायचं, किंवा भिंत. नवरा होता तोवर त्याला त्यांनी हे एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, कामाचा शीण आहे. निवृत्तीनंतर तर प्रश्न विचारणारंही कुणी उरलं नाही, मग मागचं ते माणूस घरातच येऊन राहिलं. स्वयंपाकघरात असताना ओटीवर, ओटीवर असताना माजघरात.

खिंड उतरताना पॅडल मारावं लागत नव्हतं. या सायकलींना आवाज नसतो. पुढच्या बायका वळणाआड गेल्या आणि वाट एकदम मुकी झाली. काजूच्या मोहोराचा वास दाटला होता. तेवढ्यात विमलाबाईंना मागून चौघांचे श्वास ऐकू आले. हुं, हुं, हुं. ओझं नेणाऱ्या माणसांचे, पाय जपून टाकणाऱ्या माणसांचे. त्यांनी वळून पाहिलं नाही. वेगही वाढवला नाही. डोलीच्या बाजूने चालायची सवय झाली होती त्यांना. वाडीतलं पहिलं घर दिसेपर्यंत ते श्वास बरोबर होते.

सावरकोंडला बचतगटाच्या बायकांनी एका घराच्या अंगणात जेवणाची पंगत मांडली होती. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, मुळ्याची भाजी, सोलकढी. वाढणारी मुख्य बाई तिशी ओलांडलेली, चपळ, कमी बोलणारी. स्वरूपने ओळख करून दिली, या मैनाताई, यांच्या हातची भाकरी खाल्लीत तर घरी परत जाणार नाही. मैनाताई विमलाबाईंच्या पानावर वाकली आणि विमलाबाईंचा घास हातातच राहिला.

नाक. मुळाशी बसकं, टोकाला वर उचललेलं, गालांवर ऐसपैस पसरलेलं. तसं नाक त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

"माहेर कुठलं तुझं?" त्यांनी विचारलं.

"ह्याच वाडीतला. दिला पण ह्याच वाडीत."

वडील कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली, केरू भुवड, गेले आता. आणि भाकरी घेऊन पुढच्या पानाकडे सरकली.

पंगतीत गप्पा खिंडीवरच आल्या. बँकेतल्या एका बाईने मैनाला मजेत विचारलं की तुम्ही तर इथेच राहता, तुम्हाला कधी ऐकू येतं का ते रडणं? बाकीच्या हसत मान वळवून उत्तराची वाट बघू लागल्या. स्वरूपही.

"नाय," मैना म्हणाली. "मी तिकडं जात नाय." तिने सोलकढीचं भांडं उचललं आणि ज्यांचे पेले रिकामे होते ते भरले. एक थेंबही सांडला नाही. हे तिला पुष्कळदा विचारलं गेलं असणार, हे विमलाबाईंच्या लक्षात आलं. दर ग्रुपमधली कुणीतरी विचारत असणार. आणि दर वेळी ती सोलकढी वाढत असणार.

हात धुवायला म्हणून त्या घराच्या मागच्या बाजूला गेल्या. मैना तिथे तवा घासत बसली होती. मागल्या पडवीत एक म्हातारा सुपाऱ्या कातरत होता. तो गुणाजी, केरूचा थोरला भाऊ. डोलीच्या पुढच्या खांद्याला तोच होता. त्याने विमलाबाईंकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. पांढरी साडी नसलेली, पंजाबी ड्रेस आणि पायात बूट घातलेली म्हातारी बाई त्याला कशी ओळखू यावी?

विमलाबाई मैनाजवळच्या दगडावर बसल्या.

"मैना, मी इथं नर्स होते. तू झालीस तेव्हा."

मैनाचा हात थांबला. "विमल नर्स?"

त्या हो म्हणाल्या. मैनाने तव्यावर राख टाकली. आजी सांगायची तुमचं, ती म्हणाली. आजीने आणखी काय काय सांगितलं, असं विमलाबाईंनी विचारलं, आणि मग मैना बोलली. राख लावलेल्या हाताने तवा घासत, मान वर न करता बोलली. शाळेत तिच्या शेजारी पोरं बसत नसत, अळवंतिणीची पोर म्हणून. ओटी भरायच्या वेळी तिला मागे ठेवत. बाहेरगावची सोयरीक दोनदा जुळली आणि खिंडीची गोष्ट कानावर जाताच मोडली. शेवटी वाडीतल्याच एकाने केली, तो मुंबईला असतो, माणूस चांगला आहे. एसटीला जायचं तरी ती डांबरी रस्त्याने लांबचा वळसा घेऊन जाते. आईला तिची भूक आहे, ती दिसली तर ओढून नेईल, असं लहानपणापासून सगळ्यांनी तिच्या मनावर बिंबवलं होतं.

"माजी पोर झाली तवा सासून उशीखाली कोयता ठेवलान. म्हयनाभर दाराला कडी," मैना म्हणाली. "माज्याच आवशीपासना माजा पोर राखला, बाय. मी पण राखला."

इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की शकू फक्त आपल्या मागे आहे. इथे ती अख्ख्या वाडीच्या मागे होती, आणि तीही भलत्याच रूपात.

"मैना, तुझी आई तुला न बघता गेली नाही," त्या म्हणाल्या. "तिने तुला पाजलं."

मैनाने मान वर केली.

मग विमलाबाईंनी तिला सांगितलं, जसं घडलं तसं. खिंडीत पोहोचल्यावर रक्त फार वाढलं होतं. त्यांच्याजवळ औषध उरलं नव्हतं. पोराला आईच्या अंगावर लावलं की गर्भाशय आवळतं, रक्त कमी होतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी डोली झाडाखाली ठेवायला लावली, चौघांना पाठ फिरवून बसायला सांगितलं आणि पदराखालची पोर काढून शकूच्या अंगावर दिली. त्यांनी ते उपाय म्हणून केलं होतं. शकूला ते माहीत नव्हतं. तिला वाटलं, आपल्याला पोर बघायला दिली. पोर रडत होती. ती लागलीच पिऊ लागली. शकूला हात उचलवत नव्हता, तरी तिने दोन बोटं पोरीच्या डोक्यावर ठेवली.

"विचारलं मला तिने, कुणावर गेली ओ, बाय? माझं लक्ष रक्ताकडे होतं. मी म्हटलं, तुझ्यावर. तर म्हणाली, नाक तेवढा माजा नको होता."

मैनाचा राखेने भरलेला हात नाकाकडे गेला आणि मधेच थांबला.

"आणि हसली," विमलाबाई म्हणाल्या. "चांगली हसली. मी तिला रागावले, बोलू नको म्हणून. मग म्हणाली, आता डोली दमान उचला, पोर पितंय. ते शेवटचं. तू पीत होतीस तेव्हाच ती गेली. मी तुला लगेच काढून घेतलं नाही."

मग पडवीतून गुणाजीचा आवाज आला. तो केव्हाचा अडकित्ता खाली ठेवून ऐकत होता.

"आमी पाठी फिरवून बसलेलो," तो म्हणाला. "पोर बोंबलत होता. मंग गप झाला. मना वाटला, निजला." त्याने पुढ्यातल्या सुपाऱ्या बाजूला सारल्या. "मी घरी येऊन तसाच सांगितला. निजलेला म्हणून."

त्याने विमलाबाईंकडे नीट पाहिलं आणि मग हात जोडल्यासारखे केले. मैना त्याच्याकडे बघत होती. याच चुलत्याने तिला पहिल्यांदा सांगितलं होतं की तिकडे जाऊ नको.

"तुमी तवा का नाय सांगितलात?" मैनाने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक आहे. चौघं तिथंच तर होते. आणि मला कुणी विचारलं नाही गं. जो तो विचारायचा, वेळ कसली होती, पंचक होतं का. ती काय बोलली, हे कुणी विचारलंच नाही."

एक गोष्ट मात्र विमलाबाईंनी सांगितली नाही. त्या दिवशी संध्याकाळी आजीने पोर उपकेंद्रात आणून त्यांच्या पायाशी ठेवली होती, आणि त्यानंतर आठवडाभर, घरात शेळी येईपर्यंत, विनीतला एका बाजूला आणि मैनाला दुसऱ्या बाजूला घेऊन त्यांनीच तिला आपलं दूध पाजलं होतं. सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मग मिटलं. या गोष्टीत दूध एकट्या शकूचं राहू दे, असं त्यांना वाटलं.

अंगणात स्वरूप हाका मारू लागला. उन्हं कलायच्या आत मार्लेश्वरच्या पायऱ्या चढून उतरायच्या होत्या. मैनाने हात धुतले, पदराला पुसले.

"मना जागा दाखवाल?"

विमलाबाईंनी अंगणात येऊन स्वरूपला सांगितलं की तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते. तो गोंधळला. वेळेचं सांगू लागला, बॅटरीचं सांगू लागला. मृणाली म्हणाली, आई, काय झालंय? तेव्हा विमलाबाईंनी सगळ्यांच्या देखत, पण हळू आवाजात सांगितलं, की तुम्ही ज्या बाईच्या झाडापाशी फोटो काढलेत, तिची ही मुलगी. मी तिची नर्स होते. आम्ही दोघी जरा तिकडे जाऊन येतो.

बँकेतली ती बाई मैनाकडे बघेना, सायकलचा आरसा पुसत राहिली. स्वरूपचे कान लाल झाले. मृणाली पुढे होऊन सासूच्या खांद्याला हात लावून म्हणाली, मी थांबते. विमलाबाई म्हणाल्या, नको, तू जा. पूर्ण कर. मीही करते.

निघताना गुणाजीने आतून एक नारळ आणून मैनाच्या हातात दिला. त्या घरातलं माणूस खिंडीकडे रिकाम्या हाताने जात नसे.

दोघी चालतच गेल्या. विमलाबाईंनी सायकल बरोबर ढकलत नेली. वाटेत मैना एकदोनदा बोलली, भाताबद्दल, मुलीच्या शाळेबद्दल. खिंडीच्या अलीकडे तिचे पाय मंदावले. विमलाबाई थांबल्या, तिला हाताला धरलं नाही, घाईही केली नाही. नर्सला माहीत असतं, कधी नुसतं उभं राहायचं ते. थोड्या वेळाने मैना आपणहून पुढे झाली.

बेहड्याखाली आल्यावर तिने विचारलं, डोकं कुठल्या बाजूला होतं? विमलाबाईंनी दाखवलं. उतार असा आहे, म्हणून डोकं वरच्या अंगाला, मुळाच्या या गाठीजवळ. मी इथं गुडघ्यावर बसले होते. ते चौघं तिकडे, त्या कातळावर.

मैनाने पायाने नारळाची भकलं आणि काचा बाजूला सारल्या आणि ती त्या मुळाशी बसली. खूप वेळ बसली. ती रडते आहे की नाही हे विमलाबाईंना कळलं नाही, कारण त्या वाटेकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. मग मैना उठली आणि बुंध्यातला एक खिळा चिमटीत धरून ओढू लागली. खिळा हलला नाही. तिने दुसरा धरला. झाडाने आपली साल खिळ्यांभोवती भरून घेतली होती, काहींची नुसती डोकी दिसत होती.

"नाय निघायचे ह्ये," ती म्हणाली. "झाडालाच दुखंल."

तिने फांदीवरच्या चिंध्या तेवढ्या सोडवल्या आणि त्यांचा बोळा करून कनवटीला लावला. नारळ उचलला. झाडापाशी फोडायला म्हणून हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

"ह्यो तुमी देवाकडं न्या, बाय. तिच्या नावाचा नारळ आजवर हितंच फुटला." मग तिने विचारलं, "नाक सोडून बाकीची कशी होती?"

विमलाबाईंना वजनकाटा आठवला. त्यांनी सांगितलं. मैना हसली, आणि हसताना तिने तोंडावर हात धरला नाही.

मार्लेश्वरच्या शेवटच्या चढाला सायकलची बॅटरी संपत आली. विमलाबाईंनी उतरून ती ढकलली. मांड्या भरून आल्या होत्या, छातीत धाप लागली होती. नारळ पुढच्या टोपलीत होता आणि दर खड्ड्याला उडत होता, म्हणून त्यांनी त्याच्यावर आपली ओढणी गुंडाळली. मागे कुणी आहे की नाही, हे पाहायला त्या एकदाही थांबल्या नाहीत. असेल तर असू दे, त्यांना वाटलं. आज तिची डोली उचलणारी माणसं थकली असतील, तिलाही चालू दे.

पायऱ्यांखालच्या दुकानांशी त्या पोहोचल्या तेव्हा ग्रुप दर्शन करून उतरला होता. फोटो झाले होते, गळ्यांत टूर पूर्ण केल्याची पदकं होती. मृणाली धावत आली आणि तिने सायकल हातातून घेतली. बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मधेच कुणालातरी ते बरं वाटलं नाही, टाळ्या थांबल्या. स्वरूप पदक हातात घेऊन उभा होता. ते गळ्यात घालावं की हातात द्यावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"काकू, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "खरंच. टपरीवर ऐकलेली गोष्ट. पुढच्या वेळेपासून तिथं थांबवणार नाही कुणाला."

"थांबव की," विमलाबाई म्हणाल्या. "चढून आल्यावर माणसाला सावली लागते. गोष्ट तेवढी सांगू नको."

तो म्हणाला, आता पायऱ्या नका चढू, उशीर झालाय, इथूनच हात जोडा, टूर पूर्ण झाली तुमची. विमलाबाईंनी त्याच्या हातातलं पदक घेऊन मृणालीकडे दिलं, नारळ घेतला आणि त्या कठड्याला धरून चढू लागल्या. मृणाली बरोबर निघाली. दर वळणाला बसायचं, मग पुन्हा चढायचं, असं करत दोघी वर गेल्या. वरून येणारी माणसं थोडी होती. माकडं कठड्यावर गप्प बसली होती. समोरच्या कड्यावरून धारेश्वरचं पाणी पडत होतं, पातळ, पण आवाज दरीभर.

गुहेच्या दारातून वाकून आत जावं लागतं. आत समया तेवत होत्या. पुजारी आवरायला लागला होता. विमलाबाईंनी नारळ पुढे केला.

"कुणाच्या नावान ठेवायचा?" त्याने विचारलं.

"शकुंतला केरू भुवड. सावरकोंड."

"आजारी हायत?"

"नाही. गेली."

पुजाऱ्याने नारळ हातात फिरवला, त्याची शेंडी नीट केली. समईच्या उजेडात त्याने या घामाघूम झालेल्या म्हाताऱ्या बाईकडे आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं.

"तुमच्या कोण लागायच्या?"

मृणालीही सासूकडे बघू लागली.

"माझी पेशंट होती," विमलाबाई म्हणाल्या.

पुजाऱ्याने मान हलवली. तो पिंडीकडे वळला, ओणवा झाला आणि मग अर्धवट मागे वळून त्याने कानाशी हात नेला. बाहेरच्या पाण्याच्या आवाजात त्याला नाव नीट ऐकू आलं नव्हतं. विमलाबाई एक पाऊल पुढे सरकल्या आणि त्यांनी ते पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.